ईश्वर असेल तर जगात एवढे दुःख का? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा प्रश्न नेमका काय आहे?

ईश्वर सर्वज्ञ, सर्वशक्तिमान आणि परम दयाळू आहे असे मानणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रश्न उभा राहतो. जगातले दुःख ईश्वराला ठाऊक नसेल तर तो सर्वज्ञ नव्हे. ठाऊक असून दूर करता येत नसेल तर तो सर्वशक्तिमान नव्हे. आणि ठाऊक असूनही, सामर्थ्य असूनही तो ते दूर करत नसेल, तर त्याला दयाळू कशाच्या आधारावर म्हणायचे? ही मांडणी ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस याच्या नावावर सांगितली जाते. त्याच्या उपलब्ध लेखनात मात्र ती सापडत नाही. चौथ्या शतकातील ख्रिस्ती लेखक लॅक्टॅन्शियस याने ती त्याची म्हणून नोंदवली आहे. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमच्या मृत्यूनंतर, १७७९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या संवादांत एक पात्र हेच प्रश्न पुन्हा विचारते आणि त्यांना अजून उत्तर मिळालेले नाही असे सांगते. मराठीतील तत्त्वज्ञानाच्या लेखनात याला ‘अनिष्टाची समस्या’ म्हणतात. घरात मात्र तो ‘आम्ही कोणाचं काय वाईट केलं होतं?’ अशा शब्दांत विचारला जातो, आणि त्या वेळी विचारणाऱ्याला तर्कशास्त्र नको असते, ही गोष्ट पुढची सर्व उत्तरे वाचताना लक्षात ठेवावी.

हा प्रश्न पाश्चात्त्यांचा आहे, भारतीय परंपरेत तो उद्भवतच नाही, हे खरे आहे का?

नाही. असे विधान अनेक व्याख्यानांतून ऐकू येते, पण ग्रंथांचा पुरावा त्याच्या विरुद्ध आहे. वेदान्ताचा मूळ सूत्रग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ‘वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्’ हे सूत्र येते, आणि ते समजून घ्यायचे तर ईश्वरावरचे दोन आरोप आधी ऐकून घ्यावे लागतात. पहिला पक्षपाताचा, कारण एकाच्या वाट्याला सुख येते आणि दुसऱ्याला जन्मभर हाल सोसावे लागतात. दुसरा निर्दयतेचा, कारण तो प्राणिमात्रांना दुःख देतो आणि अखेर सगळ्यांचा संहार करतो. शंकराचार्यांनी भाष्यात हा पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचा आक्षेप, सौम्य न करता मांडला आणि मगच कर्माच्या आधारे त्याचे उत्तर दिले. ते उत्तर पटो न पटो, प्रश्नाची धार त्यांना पुरेपूर कळली होती.

सृष्टिकर्ता ईश्वर न मानणाऱ्यांनी तर याच जागी हल्ला केला. सातव्या शतकातील मीमांसक, म्हणजे वेदविहित कर्माचा अर्थ लावणाऱ्या परंपरेतले, कुमारिल भट्ट यांचा मुद्दा असा, की ईश्वराने करुणेपोटी सृष्टी निर्माण केली म्हणावे तर निर्मितीपूर्वी करुणा करण्याजोगा जीवच अस्तित्वात नव्हता. आणि करुणाच कारण असती तर त्याने केवळ सुखी जीव निर्माण केले असते. कुमारिल वेदांचे कट्टर समर्थक होते, हे येथे मुद्दाम सांगायला हवे, कारण वेद मानणे आणि सृष्टिकर्ता ईश्वर मानणे ही एकच गोष्ट आहे असा समज आज सरसकट आढळतो. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, जैन आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात हाच प्रश्न विचारला: जीवांवरील प्रेमाने जग घडवले असेल, तर ते संपूर्ण सुखाचे आणि संकटरहित का घडवले नाही? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बुद्धावरील ग्रंथातही, ईश्वर चांगला असेल तर माणसे खुनी आणि चोर का होतात, हा युक्तिवाद आहे. म्हणजे आपल्याकडे हा वाद निदान तेराशे वर्षे चालू आहे.

माणसाने केलेला अन्याय आणि निसर्गाने आणलेले संकट यांत फरक का करतात?

कारण दोहोंची उत्तरे वेगळी द्यावी लागतात. खून, गुलामगिरी, अस्पृश्यता यांचा दोष माणसाच्या निवडीवर टाकता येतो; भूकंप, साथ किंवा बालकाला झालेला कर्करोग यांचा दोष कोणाच्या निवडीवर टाकणार?

युरोपात हा फरक ऐरणीवर आला तो १ नोव्हेंबर १७५५ रोजी लिस्बनमध्ये झालेल्या भूकंपामुळे. तो सर्व संतांच्या सणाचा दिवस होता, सकाळच्या प्रार्थनेसाठी चर्च भरलेली होती, आणि भूकंपापाठोपाठ समुद्राच्या लाटांनी व आगीने शहर उद्ध्वस्त केले. हे जग शक्य असलेल्या सर्व जगांत उत्तम आहे, असे जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने १७१० साली प्रतिपादले होते. लिस्बननंतर ते वाक्य उच्चारणे अवघड झाले आणि फ्रेंच लेखक व्हॉल्टेअरने त्यावर कडवट कविता लिहिली. तत्त्वज्ञ रूसोने त्याला पत्राने उत्तर दिले की सहा-सात मजल्यांची घरे दाटीवाटीने निसर्गाने उभारली नव्हती.

मराठवाड्याला हे उत्तर ओळखीचे वाटेल. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका आटोपून लोक झोपले असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती, त्यांवर लाकडी तुळया आणि तुळयांवर मातीचे जड माळवद, अशी तिथली घरे होती. उन्हाळ्यात थंडावा देणारी हीच रचना त्या रात्री झोपलेल्यांच्या अंगावर कोसळली. तेवढ्याच तीव्रतेचा भूकंप पक्क्या बांधणीच्या गावाला झाला असता तर मृतांचा आकडा कितीतरी लहान राहिला असता. त्यामुळे ‘नैसर्गिक’ म्हटल्या जाणाऱ्या दुःखात माणसाचा वाटा किती, हे आधी तपासले पाहिजे, ही रूसोची सूचना मोलाची आहे. मात्र तिने मूळ प्रश्न मिटत नाही. माळवदाखाली झोपलेल्या लेकराने ते घर बांधले नव्हते, आणि आदल्याच संध्याकाळी त्या घराने गणपतीला निरोप दिला होता.

ईश्वराने माणसाला स्वातंत्र्य दिले आणि माणसाने त्याचा गैरवापर केला, हे उत्तर पुरेसे आहे का?

माणसाच्या दुष्कृत्यांपुरते हे सर्वांत बळकट उत्तर आहे. चांगले वागण्याला मोल तेव्हाच येते, जेव्हा वाईट वागणेही शक्य असते. कळसूत्री बाहुल्यांच्या सदाचाराला अर्थ नाही. १९५५ साली जे. एल. मॅकी या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने यावर मार्मिक आक्षेप घेतला. माणूस एखाद्या वेळी स्वेच्छेने चांगले वागू शकतो, तर प्रत्येक वेळी स्वेच्छेनेच चांगले वागतील अशी माणसे सर्वशक्तिमान ईश्वराने का निर्माण केली नाहीत? अमेरिकन तत्त्वज्ञ आल्विन प्लँटिंगा यांनी १९७४ साली दिलेले उत्तर असे, की माणूस खरोखर स्वतंत्र असेल तर तो काय निवडेल हे ठरवणे ईश्वराच्याही हाती राहत नाही. त्यानंतर बहुतेक अभ्यासकांनी, नास्तिकांनीसुद्धा, एवढे मान्य केले की ईश्वर आणि अनिष्ट यांच्यात सरळसरळ तार्किक विसंगती दाखवता येत नाही.

तरीही एक गोष्ट मला खटकते. या उत्तरात स्वातंत्र्य भोगतो अत्याचार करणारा, आणि त्याची किंमत मोजतो ज्याच्यावर अत्याचार झाला तो. त्या दुसऱ्या माणसाच्या स्वातंत्र्याचे काय झाले, हे सांगणारे विवेचन क्वचितच वाचायला मिळते.

विसंगती नसेल, तर नास्तिकांचा युक्तिवाद संपला का?

नाही, त्याचे रूप बदलले. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम रो यांनी १९७९ साली एक उदाहरण दिले. दूरच्या जंगलात वीज पडून वणवा लागतो, त्यात एक हरणाचे पाडस होरपळते आणि कित्येक दिवस तडफडून मरते. कोणी पाहत नाही, कोणी त्यातून काही शिकत नाही, कोणाचे स्वातंत्र्यही त्यात गुंतलेले नाही. अशा दुःखातून ईश्वर कोणते मोठे हित साधत असेल? ईश्वर अशक्य आहे असा रो यांचा दावा नव्हता. अशी दुःखे पाहता तो नसणे अधिक संभवनीय आहे, एवढेच ते म्हणत होते. मला हा युक्तिवाद या संपूर्ण चर्चेतला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण त्यात कोणालाही मूर्ख ठरवलेले नाही.

‘देवाच्या मनात काहीतरी चांगलेच असेल, आपल्याला ते कळत नाही’, हे उत्तर चालेल का?

तर्काच्या दृष्टीने त्यात दम आहे. आपल्याला कारण दिसत नाही यावरून कारणच नाही असे सिद्ध होत नाही, आणि मर्यादित बुद्धीच्या माणसाने अमर्याद बुद्धीचा ठाव घेऊ नये, हे म्हणणे वाजवी आहे. अडचण पुढे येते. कोणतीही क्रूरता ‘यातही काही हित असेल’ या वाक्यात मावू लागली, की तिच्याविरुद्ध उभे राहण्याचे कारणच उरत नाही.

इस्लामी परंपरेत या उत्तराची परीक्षा घेणारी एक कथा आहे. धर्मचिंतक अल्-अश्अरी यांनी आपले गुरू अल्-जुब्बाई यांना तीन भावांबद्दल विचारले: एक धर्मशील होऊन वारला, एक पापी होऊन वारला आणि एक बालपणीच गेला. बालपणी गेलेला म्हणाला, ‘मला जगू दिले असते तर मीही पुण्य करून वरचे स्थान मिळवले असते.’ गुरूंनी ईश्वराच्या वतीने उत्तर दिले की तू मोठा होऊन पाप करशील हे मला ठाऊक होते, म्हणून तुझ्या हितासाठीच तुला लवकर नेले. त्यावर नरकातला भाऊ विचारतो, ‘मग मलाही लहानपणीच का नेले नाही?’ परंपरा सांगते की गुरू निरुत्तर झाले. प्रत्येक जीवाचे हित ईश्वर पाहतो असा हिशेब एकदा मांडला, की तो सगळ्यांसाठी जुळवून दाखवावा लागतो.

दुःखामुळे माणूस घडतो, म्हणून दुःख आवश्यक आहे, असे म्हणता येईल का?

विसाव्या शतकात ख्रिस्ती तत्त्वज्ञ जॉन हिक यांनी ही भूमिका सविस्तर मांडली: जग हे सुखनिवास म्हणून नव्हे, तर आत्मा घडवण्याची जागा म्हणून निर्माण झाले आहे, आणि धोका, उणीव, वियोग यांच्याशिवाय धैर्य, करुणा आणि त्याग उद्भवणार नाहीत. भागवतात कुंती कृष्णाकडे विपत्तीच मागते, कारण विपत्तीत त्याचे दर्शन घडते.

मराठी वाचकाला येथे तुकाराम आठवणे स्वाभाविक आहे. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांची सावकारी बुडाली आणि पत्नी ‘अन्न अन्न करितां मेली’, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. तेच तुकाराम पुढे म्हणतात, ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली ॥’ या ओळी ‘दुःख चांगलेच असते’ याचा पुरावा म्हणून वापरल्या जातात तेव्हा एक गोष्ट निसटते: ज्याच्यावर दुष्काळ कोसळला तो माणूस स्वतःच्या आयुष्याबद्दल, देवाशी बोलताना, ‘बरे झाले’ म्हणतो आहे. शेजारच्या सावकाराने तुकोबांच्या दारात उभे राहून तेच शब्द उच्चारले असते, तर ते क्रौर्य ठरले असते. या विषयातल्या बहुतेक उत्तरांना मी हीच कसोटी लावतो. स्वतःच्या दुःखात अर्थ शोधण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे; दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ त्याला ऐकवण्याचा अधिकार कोणत्याही सिद्धान्ताने मिळत नाही. आणि दुष्काळात उपाशी मेलेली ती पत्नी कशी आणि कधी ‘घडली’, याचे उत्तर हिक यांना शेवटी मृत्यूनंतरच्या जीवनातच शोधावे लागले.

कर्मसिद्धान्ताने हा प्रश्न सुटत नाही का?

बुद्धीला समाधान देणारे इतके सुटसुटीत उत्तर दुसऱ्या कोणत्या परंपरेकडे नसेल. शंकराचार्य म्हणतात की ईश्वर पर्जन्यासारखा आहे: पाऊस भाताला आणि सातूला सारखाच कारण होतो, पण पिकांतला फरक बियाणामुळे पडतो, तसे जीवांच्या सुखदुःखांतले अंतर त्यांच्या कर्मामुळे पडते. सृष्टीच्या आरंभी कर्म कोठून आले, या शंकेला सूत्रकारांचे उत्तर आहे की संसार अनादि आहे, त्याला आरंभच नाही.

तात्त्विक आक्षेप दोन आहेत. मागच्या जन्माची आठवण नसलेल्याला त्या जन्मातील अपराधाची शिक्षा मिळत असेल, तर त्याने त्यातून सुधारावे कसे? आणि कर्मच सर्व काही ठरवत असेल, तर ईश्वराची कृपा नेमकी कोठे लागू होते? यांवर वेगवेगळ्या आचार्यांनी पुष्कळ लिहिले आहे, आणि जाणकारांना ते आक्षेप असाध्य वाटत नाहीत.

मला अधिक गंभीर वाटतो तो नैतिक आक्षेप, आणि तो मराठी संतवाङ्मयातच नोंदलेला आहे. चोखामेळा आपल्या जन्माची उपपत्ती कर्माने लावतात. पूर्वी कृष्णनिंदा घडली म्हणून महार जन्म मिळाला, विटाळ हे पूर्वीचे फळ आहे, असे त्यांच्या अभंगात येते. त्यांचा मुलगा कर्ममेळा मात्र थेट देवाला विचारतो: ‘आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती ॥ जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता ॥’ एकाच घरात, एकाच विठ्ठलाच्या भक्तीत, बापाने दोष स्वतःवर घेतला आणि मुलाने तो देवाच्या पदरात टाकला. चोखोबांचा शेवट मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर राबताना भिंत अंगावर पडून झाला, अशी परंपरा आहे. त्या मृत्यूला ‘त्यांचे कर्म’ म्हणणाऱ्याने त्या भिंतीखाली त्यांना कोणी राबवले, हे विचारायचे सोडून दिलेले असते.

१९३४ सालच्या बिहारच्या भूकंपानंतर महात्मा गांधींनी ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे असे म्हटले, तेव्हा रवींद्रनाथ टागोरांनी जाहीर आक्षेप घेतला. भूकंपात सर्वाधिक कोण मेले याचा अशा स्पष्टीकरणाशी काहीच मेळ बसत नाही, आणि हेतू कितीही उदात्त असला तरी निसर्गाच्या घटनेला नैतिक शिक्षा ठरवणे अविवेकाला बळ देते, ही टागोरांची चिंता मला आजही रास्त वाटते.

अनिष्ट हे खरे नसतेच, तो केवळ अभाव किंवा माया आहे, असे मानले तर?

प्राचीन ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टिन यांनी अनिष्टाला स्वतंत्र अस्तित्व नाकारले. अंधार म्हणजे जसा प्रकाशाचा अभाव, तसे अनिष्ट म्हणजे चांगल्याचा अभाव. अद्वैत वेदान्तात पारमार्थिक, म्हणजे अंतिम सत्याच्या, पातळीवर दुःख नाही, व्यवहारात आहे. दोन्ही मते सखोल आहेत, पण दोन्हींत वेदना अनुभवणाऱ्याची वेदना तसूभरही कमी होत नाही, आणि प्रश्न वेदनेचाच होता.

ईश्वराचे सामर्थ्य मर्यादित मानले तर प्रश्न मिटतो का?

मिटतो, आणि काही परंपरांनी तो तसाच मिटवला आहे. झरथुष्ट्राच्या धर्मात, ज्याचे अनुयायी पारशी बांधव आपल्या शेजारी राहतात, अहुर मझ्द पूर्णतः चांगला आहे आणि अनिष्टाचा उगम त्याच्या विरोधी शक्तीत आहे; माणसाने या लढ्यात चांगल्याच्या बाजूने उभे राहायचे आहे. ज्यांना देवाच्या दयेवरची श्रद्धा सोडवत नाही, त्यांनी सर्वशक्तिमत्तेचा हट्ट थोडा सैल करून पाहावा, असे मला सुचवावेसे वाटते. प्रेम करावे असा ईश्वर आणि भ्यावे असा ईश्वर यांत निवड करायची वेळ आली, तर भक्तिपरंपरेचा कल पहिल्याकडेच राहिला आहे.

ईश्वर नाही असे मानले की सगळे सोपे होते का?

तर्काचा पेच सुटतो, हे निर्विवाद. ज्याला जबाबदार धरायचे तोच नसल्यामुळे भूकंप हा फक्त भूकंप राहतो आणि लक्ष घरांच्या बांधणीकडे, औषधांकडे व कायद्याकडे वळते. हा लाभ लहान नाही. पण किल्लारीत एकाच रात्री सगळे घर गमावलेल्या माणसाला ‘हे व्हायला नको होते’ असे वाटते, आणि ते वाटणे नास्तिकालाही टाळता येत नाही.

देवाला जाब विचारणे हे श्रद्धा ढळल्याचे लक्षण आहे का?

कर्ममेळ्याचा अभंग वारकरी परंपरेने जपून ठेवला आहे, हेच याचे पहिले उत्तर. दुसरे उत्तर बायबलमधील ईयोबाच्या कथेत आहे. संपत्ती, मुले आणि आरोग्य गमावलेल्या ईयोबाकडे तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ मूक बसून राहतात. पुढे ते बोलू लागतात आणि पुनःपुन्हा एकच सांगतात, की तू काहीतरी पाप केले असशील. ईयोब ते नाकारतो आणि देवाशी भांडतो. कथेच्या शेवटी देव रागावतो तो देवाची बाजू घेणाऱ्या मित्रांवर, आणि माझ्याविषयी योग्य बोलला तो ईयोबच, असे सांगतो. आपल्याकडे दुखवट्याला भेटायला आलेले लोक ‘चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात’ किंवा ‘भोग असतात, ते भोगूनच संपवायचे’ असे सहज बोलून जातात. त्यांचा हेतू धीर देण्याचा असतो, पण ती वाक्ये ईयोबाच्या मित्रांचीच आहेत.

‘आजोबा बरे व्हावेत म्हणून मी रोज प्रार्थना केली होती, मग देवाने का ऐकलं नाही?’ असे घरातल्या लहान मुलाने विचारले, तर काय सांगावे?

तुझी प्रार्थना कमी पडली, असे सूचित होईल असा एकही शब्द बोलू नये. मुले असा दोष स्वतःकडे घेतात आणि कोणाला न सांगता वर्षानुवर्षे बाळगतात. देवाला आजोबा हवे होते, हेही सांगू नये, कारण उद्या देवाला आई हवीशी वाटेल अशी भीती मुलाच्या मनात बसते. आजोबांना कोणता आजार झाला होता, डॉक्टरांनी काय केले आणि शरीर का थकले, हे त्याच्या वयाला समजेल अशा शब्दांत खरे खरे सांगावे. घर श्रद्धाळू असेल तर ‘आमचा देवावर विश्वास आहे, पण हे असं का होतं ते आम्हालाही कळत नाही’ असे म्हणण्यात कमीपणा मानू नये. घर देव न मानणारे असेल तर तेही तितक्याच सरळपणे सांगावे. मूल पुन्हा विचारील. त्या वेळी हातातले काम बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसावे आणि त्याला आजोबांबद्दल बोलू द्यावे.